'वाया गेले' म्हणण्याआधी जरा आकडे बघा

सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश फुटबॉलचा विषय निघाला की स्टॅन बोल्स, रॉडनी मार्श, फ्रँक वर्दिंग्टन, टोनी करी, ॲलन हडसन, चार्ली जॉर्ज, पीटर ऑसगुड ही नावं येतात, आणि मागोमाग ठरलेलं वाक्य: "काय खेळायचे, पण वाया गेले!" दारू, जुगार, रात्रीची पार्टी, मानेवर रुळणारे केस. एवढ्यावर निकाल लागतो. मला तो मान्य नाही.

या सातही जणांचे इंग्लंडकडून खेळलेले सामने मोजा. करी १७, मार्श ९, वर्दिंग्टन ८, बोल्स ५, ऑसगुड ४, हडसन २, जॉर्ज १. बेरीज ४६. त्याच काळातला एमलिन ह्यूज एकटा ६२ सामने खेळला. ह्यूज चांगलाच खेळाडू होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या वर्षांत हे सात जण भरात होते, त्याच वर्षांत इंग्लंड १९७४ आणि १९७८ अशा सलग दोन विश्वचषकांना पात्रसुद्धा ठरलं नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये वेम्ब्लीवर पोलंडला हरवणं भाग होतं. गोल होत नव्हता, वेळ संपत आली होती, आणि इंग्लंडचा प्रशिक्षक रॅम्सीने पहिला बदली खेळाडू उतरवला तो ८८व्या मिनिटाला. सामना १-१ सुटला. सातांपैकी एकटा करी त्या दिवशी मैदानात होता.

हडसनचं बघा. मार्च १९७५, वेम्ब्ली, समोर विश्वविजेता पश्चिम जर्मनी. पहिलाच सामना, मधली फळी त्याने हातात घेतली, इंग्लंड २-० जिंकलं. पुढचा सामना सायप्रसशी, ५-०. त्यानंतर त्याला पुन्हा कधीच खेळवलं नाही. त्याआधी १९७२ मध्ये २३ वर्षांखालच्या संघाच्या दौऱ्याला नकार दिला म्हणून त्याच्यावर बंदी आली होती. त्या नकारात त्याची चूक होती, हे मान्य. पण जर्मनीविरुद्धच्या त्या खेळानंतर एकच सामना, याचं खापर दारूवर कसं फोडणार? चार्ली जॉर्जला तर १९७६ मध्ये आयर्लंडविरुद्ध डाव्या बगलेला नेऊन ठेवलं. तो मधून, स्ट्रायकरच्या मागून खेळणारा. तासाभराने बाहेर काढला, संपलं.

बोल्सवर थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण 'वाया गेला' हे त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त म्हटलं जातं. तो वेगवान नव्हता. त्याची सगळी ताकद अरुंद जागेत होती. चेंडू डाव्या पायाखाली थांबवायचा आणि बचावपटूला पाऊल टाकू द्यायचं. त्याचं वजन एका पायावर गेलं की चेंडू त्याच पायाच्या बाजूने न्यायचा, कारण वजन असलेला पाय पटकन उचलता येत नाही. दोन पाय फाकले असतील तर मधून. मग क्लबमधला साथीदार जेरी फ्रान्सिसबरोबर वन-टू: चेंडू देऊन थांबायचं नाही, देतानाच पुढे निघायचं. यात घाई केली की फसतं. समोरच्याने वजन टाकण्याआधीच चेंडू हलवला तर तो सहज अडवतो. बोल्स तो अर्धा क्षण थांबायचा, म्हणून तो संथ वाटायचा.

१९७५-७६ मध्ये बोल्सचा क्लब क्वीन्स पार्क रेंजर्स लीगमध्ये ५९ गुणांवर थांबला, लिव्हरपूल ६० गुणांनी विजेता. रेंजर्सचे सामने संपल्यावर दहा दिवसांनी लिव्हरपूलचा शेवटचा सामना वुल्व्ह्जशी होता. त्यात शेवटच्या पाव तासापर्यंत ते एका गोलने मागे होते, मग ३-१ जिंकले. क्लबच्या इतिहासातला तो सर्वोत्तम हंगाम, आणि त्या अख्ख्या हंगामात बोल्स इंग्लंडकडून एकही सामना खेळला नाही. मे १९७४ मध्ये उत्तर आयर्लंडविरुद्ध बाहेर काढल्यावर तो संघाचा मुक्काम सोडून निघून गेला होता. पुढचा सामना मिळाला तो नोव्हेंबर १९७६ मध्ये. निघून जाणं चूकच. पण अडीच वर्षं? त्याच १९७६-७७ मध्ये त्याने यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत ११ गोल केले, त्यात नॉर्वेच्या ब्रान क्लबविरुद्ध दोन्ही सामन्यांत हॅटट्रिक.

आता मैदानांबद्दल. आजची हिरवीगार गालिच्यासारखी मैदानं डोळ्यांसमोर ठेवून त्या काळचं ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून बचावपटूंना चुकवणं, बघू नका. जानेवारी ते एप्रिल ती मैदानं म्हणजे लावणीआधीची भातखाचरं. डर्बीच्या बेसबॉल ग्राउंडवर १९७७ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टी मिळाली तेव्हा पेनल्टीची खूणच चिखलात गडप झालेली. कर्मचाऱ्याने रंगाची बादली आणून ती नव्याने रंगवली. चिखलात दोन गोष्टी होतात. चेंडू घरंगळत नाही, जागीच रुततो, म्हणजे ड्रिबल करणाऱ्याला प्रत्येक स्पर्शात तो थोडा उचलावा लागतो. आणि स्लाइडिंग टॅकल करणारा मात्र दोन-तीन मीटर लांबूनही घसरत येऊन पोचतो. त्यातही मागून पाय घालणं तेव्हा नेहमीचंच होतं. इंग्लिश लीगमध्ये लाल-पिवळी कार्डं आली ती ऑक्टोबर १९७६ मध्ये. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला सरळ लाल कार्ड, हे १९९८ च्या विश्वचषकापासून. संघाला बदली खेळाडू एकच. तो वापरून झाला की घोटा सुजलेला माणूस लंगडत बगलेवर उभा राहायचा. या सगळ्यात जो दहा-दहा हंगाम चेंडू पायाशी ठेवून खेळला, त्याला बेशिस्त म्हणताना जरा विचार करावा.

वर्दिंग्टनला १९७२ मध्ये लिव्हरपूल घेणार होतं. वैद्यकीय तपासणीत रक्तदाब जास्त निघाला. विश्रांतीसाठी स्पेनच्या मायोर्का बेटावर पाठवलं, परत आल्यावरही उतरला नव्हता. करार मोडला, तो लेस्टरला गेला. रात्री कशा घालवल्या असतील ते सांगायला नको. पण हाच माणूस १९६६ ते १९८८ लीगमध्ये खेळला, साडेसातशेहून जास्त सामने. १९७८-७९ मध्ये बोल्टनकडून २४ गोल करून पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, सगळ्यांच्या पुढे. हे वाया जाणं असेल तर यश कशाला म्हणायचं?

जॉर्ज बेस्टचं मात्र वेगळं. तिथे दारूने खरंच खेळ संपवला, आणि पुढे माणूसही. १ जानेवारी १९७४ ला मँचेस्टर युनायटेडकडून शेवटचा सामना खेळला तेव्हा तो फक्त २७ वर्षांचा होता. त्याच्या पिण्याचे किस्से हसत सांगितले जातात ते मला बघवत नाहीत. तो आजारी होता. बोल्सचा पैसा घोड्यांवर आणि कुत्र्यांच्या शर्यतींवर गेला, त्यातही कौतुक करण्यासारखं काही नाही. व्यसन हे प्रतिभेचं लक्षण नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, एवढंच.

वर्दिंग्टनचा एप्रिल १९७९ मधला इप्सविचविरुद्धचा गोल सापडला तर बघा, पण चेंडूकडे नको, बचावपटूंकडे बघा. तो बॉक्सच्या कडेला, गोलकडे पाठ करून उभा. चेंडू हवेत. डाव्या पायावर तो अलगद उडवत ठेवतो. पाठमोरा माणूस गोलवर मारू शकत नाही हे प्रत्येक बचावपटूला शिकवलेलं असतं, म्हणून ते त्याच्या अंगावर पुढे येतात. ते पुढे सरकले की तो चेंडू स्वतःच्या डोक्यावरून मागे टाकतो. आता ती सगळी मंडळी चेंडूच्या चुकीच्या बाजूला. तो वळतो, त्यांच्यामधून जातो, आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत डाव्या पायाने मारतो.