क्रेऑनला खलनायक करू नका

आत्ताच ‘अँटिगनी’ या सोफोक्लीसच्या प्राचीन ग्रीक नाटकाचा प्रयोग बघून आलेय आणि डोकं तापलंय. आपल्याच गावातल्या हौशी मुलांनी बसवलेला, आजच्या काळात आणलेला. मूळ गोष्टीत थीब्ज शहराचा राजा क्रेऑन हुकूम काढतो, की शत्रू होऊन आलेल्या पॉलिनायकिसचं प्रेत कोणी पुरायचं नाही; त्याची बहीण अँटिगनी तो मोडते, म्हणून क्रेऑन तिला गुहेत कोंडतो. तो क्रेऑन इथे मुख्यमंत्री, कोरस म्हणजे न्यूज चॅनलवर भांडणारे लोक, पहारेकरी म्हणजे हवालदार. इथवर सगळं मान्य. हवालदार तर झकासच! पण प्रयोगानंतरच्या गप्पांत दिग्दर्शक म्हणाला, "आजच्या प्रेक्षकाला व्हिलन क्लिअर लागतो, म्हणून टायरेसियसचा प्रवेश काढला."

काढला?? अरे, तो आंधळा भविष्यवेत्ता येतो म्हणून तर क्रेऑन हादरतो, हट्ट सोडतो. आधी पॉलिनायकिसचं प्रेत पुरतो, मग गुहेकडे धावतो, तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. मग मुलगा जातो, बायको जाते, आणि हा जिवंत उरतो. ते सगळं गेलं. आमचा क्रेऑन सिगार ओढत हसतो आणि ब्लॅकआउट.

मे २०२१ मध्ये माझा मामा गेला. कसल्या दिवसांत गेला ते तुम्हाला सांगायला नको. मामीला त्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायचं होतं. पीपीई किटमधला माणूस म्हणाला, पिशवी उघडता येणार नाही. आम्ही त्याला नाही नाही ते बोललो. मामी तर रस्त्यातच बसली. तो एवढंच म्हणत राहिला, "नियम आहे हो, ताई." त्याच्या चष्म्यावर आतून वाफ धरली होती.

अँटिगनी मला कळते ती मामीमुळे. आणि क्रेऑन कळतो तो त्या माणसामुळे. नुकतंच युद्ध संपलंय, दोन सख्खे भाऊ एकमेकांना मारून मेलेत, त्यातला एक शहरावर सैन्य घेऊन आला होता. अशा वेळी राज्य हातात आलेल्या माणसाला कायदा कडक हवासा वाटणारच. तो चुकतो, भयंकर चुकतो. पण कारण असलेला माणूस चुकतो तेव्हाच ती शोकांतिका होते ना? दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केलं तेव्हा नेल्सन मंडेलांनी क्रेऑन केला होता. सत्तेला राक्षस म्हणायचा हक्क त्यांच्याइतका कोणाला होता? आणि आपण सिगार देतो!

असो. दोन तासांत बसवायचं, नोकऱ्या सांभाळून तालमी करायच्या, कळतं मला. मोबाइल, चॅनल वगैरे आणल्याने शेजारची कॉलेजची मुलं टक लावून बघत होती, तेही खरं.

आणि अँटिगनीची बहीण इस्मेनी करणारी मुलगी... काय काम केलंय! आधी घाबरून मागे राहिलेली, नंतर "मीपण केलंय" म्हणत पुढे येते, आणि बहीण तिला झिडकारते. तिथे मला रडू फुटलं. आम्ही त्या माणसावर ओरडत होतो तेव्हा माझी धाकटी मामेबहीण अशीच मधे उभी राहिली होती. शेवटी तुळशीपत्र तिनेच त्याच्या हातात दिलं, आणि त्याने ते पिशवीवर ठेवलं. नियमात ते बसत होतं की नाही, देव जाणे.

असा क्षण त्या मुख्यमंत्र्याला एकदा तरी द्या की रे! पोरगा गुणी आहे, पेलेल त्याला.

मंडळी, रविवारी पुढचा प्रयोग आहे. तिकीट काढून जा. आणि नंतरच्या गप्पांना थांबून टायरेसियसचा प्रवेश परत मागा, मी एकटी किती बोलणार.