झोजिलाच्या अलीकडे आणि पलीकडे

उन्हाळी सुट्टीचे बेत शिजू लागले की कुटुंबाच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. काश्मीर पाहिलं की लडाख पाहिल्यातच जमा. तोच हिमालय, थंडी जास्त म्हणून बर्फही जास्त. लेह म्हणजे छोटं श्रीनगर. वर सल्ला फुकट: सकाळच्या विमानाने लेहला उतरा, दुपारी खारदुंगला खिंड उरकून या.

‘तोच हिमालय’ म्हणे. डोंगररांग तीच, पण काश्मीर तिच्या एका अंगाला आणि लडाख दुसऱ्या. सोनमर्गपर्यंत देवदाराची आणि इतर सूचिपर्णी झाडं सोबत असतात. सुमारे ३,५०० मीटरवरचा झोजिला घाट ओलांडला की उघडेबोडके डोंगर सुरू. त्यापुढे हिरवं दिसतं ते ओढ्याचं पाणी पाट काढून आणलंय तिथेच: जवाची शेतं, पॉप्लर, जर्दाळू.

जास्त थंडी म्हणजे जास्त बर्फ, हे तर साफ चूक. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं बाष्प बरंचसं काश्मीरच्या बाजूलाच रितं होतं. श्रीनगरला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण ७०० मिलिमीटर पडतं, लेहला जेमतेम १००. एवढा पाऊस महाबळेश्वरला एका दिवसात कोसळतो! लेहचा पारा उणे वीसपर्यंत उतरतो, पण बर्फ पडायला हवेत ओल तर हवी. (लडाखच्याच द्रास आणि झंस्कर भागांत बर्फ भरपूर पडतो, हे मान्य.)

खात्री करायची तर छपरं बघा. काश्मिरात उतरती, पत्र्याची. बर्फ घसरून खाली यावा म्हणून. लेहच्या जुन्या घरांची छपरं सपाट: पॉप्लरच्या तुळया, त्यावर विलोच्या काटक्या, वर मातीचा थर आणि कडेला सरपण नि गुरांचा चारा रचलेला. आपल्या कोकणात असलं छप्पर एक पावसाळा काढणार नाही. लेहमध्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, आणि पावसाचा विचार करून बांधलेली नसल्यानेच ऑगस्ट २०१०च्या ढगफुटीत मातीच्या घरांची दैना झाली.

‘छोटं श्रीनगर’ही तसंच. श्रीनगर झेलमच्या दोन्ही काठांवर पसरलेलं, २०११च्या जनगणनेनुसार बारा लाखांच्या घरातलं शहर. २०१४च्या सप्टेंबरात ते पाण्याखाली गेलं होतं. लेहची वस्ती त्याच जनगणनेत तीसेक हजार, आणि तिथली चिंता उलटी: वितळपाणी पुरेना आणि हॉटेलांच्या बोअरवेल वाढताहेत.

बाकी सगळं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, दुपारच्या खारदुंगलाचा सल्ला मात्र जिवावर बेतू शकतो. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, लेह ३,५००, खारदुंगला सुमारे ५,३६०. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, खिंडीत जवळजवळ निम्मा. डोकं ठणकणं, मळमळ, झोप उडणं ही विरळ हवेची पहिली लक्षणं. दुर्लक्ष करून वर चढत राहिलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू शकतं. तरण्याताठ्या, रोज जिमला जाणाऱ्यांनाही हे होतं. विमानाने येणाऱ्याने निदान दोन दिवस लेहमध्येच काढावेत, आणि त्रास वाढला तर आणखी वर न जाता खाली उतरावं, डॉक्टर गाठावा. श्रीनगरहून रस्त्याने येणाऱ्यांना कारगिलच्या मुक्कामाचा फायदा मिळतो, पण त्यांनीही लेहला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी खिंडीची गाडी ठरवून ठेवू नये.