साठवर बेअब्रू

काल रात्रीपासून डोकं फिरलंय. मी ड्रम्स वाजवतो, आणि ठरल्या वेगानं टिकटिक करणाऱ्या मेट्रोनोमच्या ॲपमध्ये एक सोय असते: दोन बार (चार-चार ठोक्यांची दोन आवर्तनं) टिकटिक, दोन बार चिडीचूप, मग परत टिकटिक. मधल्या शांततेत लय आपली आपण सांभाळायची. ही सोय ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या किक पेडलची, म्हणजे बास ड्रम वाजवायच्या पायपट्टीची, स्प्रिंग ऐन कार्यक्रमात तुटो.

६० वर लावला, म्हणजे मिनिटाला साठ ठोके. साठ! म्हटलं, साठवर तर झोपेत वाजवेन. साधा ग्रूव्ह, म्हणजे चालत राहणारा ठेका: हायहॅटवर (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) एट्थ नोट्स, एका ठोक्यात दोन, आणि दोन आणि चारवर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम. टिकटिक थांबली. पहिला बार झकास. दुसऱ्या बारला हात शिवशिवले, टॉम्सवरून (बाकीच्या ड्रम्सवरून) एक फिल घेतला, म्हणजे ठेका सोडून एक छोटा तुकडा, आणि ऐटीत समेवर क्रॅश, म्हणजे मोठी झांज, हाणला.

आणि काहीच नाही.

क्रॅश एकटाच झणझणत राहिला. अर्ध्या सेकंदानं तो नालायक म्हणाला, 'टिक'. कसला आवेश नाही, काही नाही. झालं का तुमचं, मग मी सुरू करतो, असं.

मला खरंच वाटलं की ॲप बिघडलंय. बंद करून परत लावलं. तेच. दुसऱ्या फोनवर लावलं. तेच! मग स्टिका बाजूला ठेवून हिशोब करत बसलो, रात्री अकरा वाजता, शाळेतल्यासारखा. आठ बीट्सना आठ सेकंद लागायला हवेत, मी साडेसातात उरकले. म्हणजे सरासरी ६४. त्यात पहिला बार बरोबर धरला, तर फिलचा बार ६८ च्याही वर पळाला. चार बीट्समध्ये! मागे कुत्रा लागल्यासारखा!

हळू वाजवणं सोपं, हे कोणी पसरवलंय? १६० वर गर्दीत चूक खपून जाते. ६० वर दोन ठोक्यांच्या मधे एवढं मैदान मोकळं पडलेलं असतं की पाऊल वाकडं पडलं तर सगळ्यांना दिसतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खाज. रेकॉर्डिंग केलं. ऐकलं. हायहॅट म्हणजे पत्र्यावर गारा. त्याखाली कुठेतरी किक आहे, असं मानून चालायचं. आणि घोस्ट नोट्स, ज्या म्हणे असून नसल्यासारख्या वाजायला हव्यात? भुतं कसली, अख्खी वरात चाललीये. वाजवताना कानात हे काहीही ऐकू येत नाही, हा या वाद्याचा सगळ्यात मोठा दगा. बसलेल्याला वाटतं आपण वाजवतोय, समोरच्याला वाटतं भांडी पडली.

आणि ते व्हिडिओवाले! 'दहा मिनिटांत हात सुसाट करा.' अरे, सुसाटच तर आहेत, आवरायचे कसे ते सांग! कोणी 'हा फिल घेऊच नका' असा व्हिडिओ काढत नाही. रुडिमेंट्स, म्हणजे हातांचे मूळ धडे, चाळीस आहेत, त्यातलं पॅराडिडल पॅडवर मीही घोटलंय, उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा, वर्षभर. पण ते गाण्यात कुठे ठेवायचं? ॲक्सेंट (जोराचे ठोके) स्नेअरवर मारून बाकीच्या नोट्स दाबल्या की त्यातूनच ग्रूव्ह निघतो, हे मला कळायला दोन वर्षं लागली, कारण तोवर मी ते फक्त जोरात आणि जलद वाजवत होतो.

गिटारवाल्यांचं तर नावच नको. वीस मिनिटं तारा पिळत बसतील, आणि आम्ही स्नेअरचा एक लग (ताण बदलायचा स्क्रू) फिरवला की 'अरे झालं का?' घरी आलेल्या प्रत्येक पोराचा पहिला हात झांजेवर. हायहॅटचा क्लच (वरची झांज धरणारा) नेमका गाण्याच्या मध्यावर ढिला पडतो. बास ड्रम तर इंचाइंचानं पुढे सरकत जातो, तोही माझ्यासारखाच, वाट बघणं जमत नाही.

बरं, मी 'रोज दोन तास रियाज करतो' असं लोकांना सांगतो. काल घड्याळ लावून पाहिलं. त्यातला सव्वा तास येत असलेलंच वाजवण्यात गेला. मग थोडा वेळ स्टूल वरखाली. मग आरशात ग्रिप. जे येत नाही ते एकूण नऊ मिनिटं, आणि त्यातली चार मेट्रोनोमला शिव्या देण्यात.

आज परत बसलो. साठच. फिल नाही, क्रॅश नाही, नुसता ग्रूव्ह तोंडानं म्हणत वाजवायचा. अकरा वेळा शांततेतून बाहेर आलो आणि अकराही वेळा टिक बरोबर पायाखाली सापडला. बाराव्या वेळी हात शिवशिवले.