फुकटची जेवणं म्हणे!

"फुकटची जेवणं, अंगावर ब्लेझर, दाराशी गाडी लावायला राखीव जागा. मजा आहे कॅप्टनची!"

आज दुपारी आमच्या गोल्फ क्लबच्या बारमध्ये शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ हे बोलले आणि बाकीचे तिघे हसले. मी चहा अर्धा टाकून उठले. घरी आले, स्वयंपाक झाला, जेवणं झाली, ओटा आवरून झाला, तरी राग जात नाहीये. म्हणून लिहायला बसलेय.

निमित्त असं की नोटीस बोर्डावर व्हाईस कॅप्टनसाठी नावं मागवणारा कागद कधीचा लागलाय आणि त्यावर अजून एकही नाव नाही. मार्चमध्ये वार्षिक सभा. जो आज व्हाईस कॅप्टन होईल तोच पुढच्या वर्षी कॅप्टन. म्हणजे क्लब चालवायला पुढचा माणूसच मिळत नाहीये, आणि हे लोक हसतायत! हे गृहस्थ येतात, खेळतात, अंघोळ करतात, गाडी काढतात. आजवर त्यांना एक खुर्ची इकडची तिकडे करताना मी पाहिलेलं नाही.

भारतातल्या मंडळींसाठी थोडं सांगते. गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स येणार, नाहीतर मुंबईचं विलिंग्डन. आत हिरवळ, मध्ये कुंपण, बाहेर आपण. मी राहते तिथे, लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या या काठावर, तसं नाही. आमच्याकडे प्लंबर खेळतात, शाळामास्तर खेळतात, नर्सा खेळतात, पोस्टातून निवृत्त झालेले खेळतात. क्लब सभासदांच्या मालकीचा, आणि कॅप्टन म्हणजे त्यांनी एका वर्षासाठी पुढे केलेला त्यांच्यातलाच एक. गणपती मंडळाचा अध्यक्ष आठवा. वर्गणीपासून विसर्जनानंतर मांडवाचे बांबू मोजून परत देईपर्यंत ज्याच्या जिवाला घोर असतो, तो. मंडळाचं दहा दिवसांत आटोपतं, कॅप्टनचं वर्षभर चालतं.

आमच्याकडे एप्रिलमध्ये ड्राइव्ह-इन असतं. पहिल्या टीभोवती, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या जागेभोवती, सगळा क्लब गोळा होतो आणि नव्या कॅप्टनने सगळ्यांदेखत पहिला चेंडू मारायचा. तो किती यार्ड जाईल यावर लोक एकेक पाऊंड लावतात, आणि जमलेली रक्कम कॅप्टनने त्या वर्षासाठी निवडलेल्या संस्थेला जाते. कुणी हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था, निवडतं, कुणी एअर अँब्युलन्स. इंग्लंडमधली ही हेलिकॉप्टरं बहुतेक लोकांच्या देणग्यांवर उडतात, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. चेंडू मारून झाला की बारमध्ये सगळ्यांना एकेक ग्लास, कॅप्टनच्या खिशातून.

तिथून सामने सुरू. दर महिन्याचं मेडल, नॉकआउट, मिक्स्ड फोरसम्स, ज्येष्ठांचे, मुलांचे, शेजारच्या क्लबांशी मैत्रीचे सामने. मैत्रीच्या सामन्यात जेवण झालं की यजमान कॅप्टनने उठून बोलायचं. पाहुण्यांचे आभार, गवत राखणाऱ्या ग्रीनकीपरचे आभार, स्वयंपाकघरातल्या बायकांचे आभार. मग त्यांच्याकडे जायचं, त्यांचं जेवण जेवायचं, त्यांच्या रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं घ्यायची. हीच ती 'फुकटची' जेवणं! गाडी चालवत जाऊन, चार तास वाऱ्यात खेळून, कोट चढवून अनोळखी माणसांशी हसून बोलत घेतलेला तो घास. नाताळाआधी टर्की ट्रॉट नावाची स्पर्धा, मग क्विझची रात्र, बक्षीस समारंभ, वार्षिक भोजन. अधूनमधून कुणी सभासद जातो, तेव्हा क्लबचा टाय बांधून अंत्यविधीला उभं राहायचं. शिवाय रोजची गाऱ्हाणी. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, वाळूच नाही, पुढे खेळणारी चौघांची चौकडी रेंगाळते, बारमधल्या चिप्स गार. सगळी कॅप्टनच्या कानावर.

आणि जुलैमध्ये कॅप्टन्स डे, म्हणजे कॅप्टनने सगळ्या क्लबसाठी भरवलेली दिवसभराची स्पर्धा. त्याबद्दल सांगायचं तर मला बाबांबद्दल सांगावं लागेल.

काही वर्षांपूर्वी आमचे कॅप्टन होते ते लिव्हरपूलच्या बसवर उभा जन्म काढलेले. त्याच उन्हाळ्यात माझे बाबा वाईहून आमच्याकडे आले होते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. पसरणीचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याची गणती नाही. इंग्रजी येत नव्हतं. आई गेल्यापासून बोलणंही कमी झालेलं. कॅप्टन्स डेच्या दिवशी त्यांना घरी एकटं कुठे ठेवायचं, म्हणून क्लबहाऊसच्या खिडकीशी चहा देऊन बसवलं आणि मी खेळायला गेले.

सकाळपासून पाऊस. कॅप्टन पहिल्या टीवर छत्री धरून उभे. पहिली चौकडी सातला निघाली, शेवटची दुपारी, आणि मधल्या एकेकाशी त्यांनी हस्तांदोलन केलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, घरचं कुणी आलंय का? मी म्हटलं, वडील आहेत आत, तेही तुमच्यासारखेच बस ड्रायव्हर. एवढंच. मी टी-शॉट मारला आणि पुढे गेले.

चौदाव्या होलच्या उतारावरून एक बगी, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, येताना दिसली. स्टिअरिंगवर बाबा! शेजारी कॅप्टन, मांडीवर सँडविचचा डबा आणि बाटल्या. बाबांनी बगी अशी वळवून उभी केली जशी वाईच्या स्टँडवर फलाटाला गाडी लावावी. सगळ्या चौकड्यांना दोघे मिळून खाऊ वाटत फिरत होते. बाबा हातवारे करून पसरणीची वळणं दाखवत होते आणि कॅप्टन त्यांना मर्सीखालून जाणारा १९३४ सालचा बोगदा समजावत होते. दोघांमध्ये एक शब्द सामाईक नव्हता. मी बाबांना इतकं हसताना आई गेल्यानंतर पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी बक्षिसं वाटताना कॅप्टननी बाबांना पुढे बोलावलं आणि चेंडू झेंड्याच्या सर्वांत जवळ टाकणाऱ्याचं बक्षीस त्यांच्या हातून दिलं. टाळ्या पडल्या. बाबांनी सगळ्यांना नमस्कार केला.

हे 'फुकट जेवणाऱ्या' माणसाने केलं.

आता पैशाचं बोलते, कारण खरा राग तिथे आहे. कॅप्टन्स डेची सगळी बक्षिसं कॅप्टनने द्यायची असा आमच्याकडे रिवाज. बगीतून वाटलेला खाऊ त्यांच्या पैशाचा. ड्राइव्ह-इनचे ग्लास त्यांचे. ब्लेझर त्यांचा. बाहेरच्या क्लबांना जायचं पेट्रोल त्यांचं. काही क्लब कॅप्टनला थोडाफार भत्ता देतात, आमचा देत नाही. त्या बस ड्रायव्हर कॅप्टनच्या पत्नी एकदा बोलता बोलता म्हणाल्या की व्हाईस कॅप्टन झाल्या दिवसापासून ते पेन्शनमधून बाजूला टाकत होते आणि स्पेनची सुट्टी त्यांनी रद्द केली होती. बस ड्रायव्हरची पेन्शन ती किती! आणि त्यातून आम्ही सगळ्यांनी सँडविच खाल्ले, ग्लास रिकामे केले, बक्षिसाची भांडी घरी नेली. आज हसणारे ते गृहस्थही तेव्हा होते. त्यांनीही खाल्लं.

मग नोटीस बोर्डावरचा कागद कोरा राहणार नाही तर काय होईल? ज्याच्यापाशी मन आहे त्याच्यापाशी पैसे नाहीत. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो म्हणतो, वेळ नाही.

मुळात ही प्रथा अशी सुरूच झाली नव्हती. १७४४ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या नगरपालिकेने जवळच्या लीथ बंदरातल्या गोल्फ खेळणाऱ्यांना चांदीची एक काठी दिली. जो स्पर्धा जिंकेल तो वर्षभराचा कॅप्टन, आणि खेळातले तंटे त्याने सोडवायचे. पहिला जिंकला तो जॉन रॅट्रे नावाचा शल्यवैद्य. जिंकणाऱ्याने त्या काठीला आपल्या नावाचा चांदीचा चेंडू जोडायचा. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजला आजही त्याची खूण राहिलीय. दर सप्टेंबरात तिथला नवा कॅप्टन सकाळी एकच चेंडू मारतो, तोफ उडते, आणि त्या एका फटक्यावर तो चांदीची काठी 'जिंकतो', कारण स्पर्धेत तो एकटाच असतो. पुढे चेंडू पकडायला कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारे, रांगेने उभे असतात. जो आणून देईल त्याला कॅप्टनकडून सोन्याचं नाणं.

त्याच सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९५१ साली फ्रान्सिस वीमेट यांना कॅप्टन केलं. पहिले अमेरिकन कॅप्टन. बॉस्टनजवळ ब्रुकलाइनच्या कोर्ससमोर गरीब घरात वाढलेला मुलगा, त्याच कोर्सवर कॅडी, आणि १९१३ साली विसाव्या वर्षी तिथेच हॅरी व्हार्डन आणि टेड रे या ब्रिटनच्या नामवंत खेळाडूंना हरवून यूएस ओपन जिंकला. जगातल्या सर्वांत मानाच्या क्लबाला कॅडीला कॅप्टन करताना लाज वाटली नाही. आमच्या छोट्या क्लबात मात्र पुढचा बस ड्रायव्हर या खुर्चीवर बसू शकणार नाही, कारण त्याला ते परवडणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. तिथल्या ग्रीनकीपरचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया त्याच गवतावर खेळ शिकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. तशा घरातला माणूस आपल्याकडच्या क्लबांत कॅप्टन कधी होणार?

मला माहीत आहे काही जण काय म्हणणार. गोल्फ क्लब म्हणजे माणसांना बाहेर ठेवायच्या जागा. हो, होत्या. त्याच लीथच्या मंडळींचा वारसा सांगणाऱ्या म्युअरफील्ड क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवायला २०१७ साल उजाडू दिलं. २०१६ च्या मतदानात दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत, मग ओपन स्पर्धा जाणार म्हटल्यावर पुढच्या वर्षी ८० टक्के लोकांना अक्कल आली. मला ते वाचून तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. आणि काही कॅप्टन निव्वळ मिरवणारे असतात, हेही खरं. बास, एवढं मान्य. त्यामुळे आमच्या कॅप्टनने पावसात काढलेला दिवस खोटा ठरत नाही.

इथे कॅप्टन्स डेला बहुतेक स्टेबलफोर्ड पद्धतीने खेळतात. आमच्या जवळच्याच वॉलसी क्लबचे डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी १९३२ साली ती तिथे सुरू केली. एका होलला चेंडू झुडपात गेला, सात-आठ फटके लागले, तरी त्या होलला फक्त शून्य गुण आणि पुढच्या टीवर कोरी पाटी. सामान्य खेळणाऱ्याने वाऱ्याला वैतागून घरी जाऊ नये म्हणून एका डॉक्टरने एवढा विचार केला. क्लब असल्या माणसांनी उभे राहतात.

बाबा सप्टेंबरात परत गेले. डिसेंबरात गेलेच. फोन पहाटे आला, बर्फामुळे विमानं रद्द, मी पोचू शकले नाही. भावाने फोनवर सगळं दाखवलं. त्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. कॅप्टन उभे. क्लबचा ब्लेझर, क्लबचा काळा टाय, बर्फाने बूट भिजलेले. "क्लबच्या वतीने आलोय," म्हणाले. बाबा सभासद नव्हते. कॅप्टनना यायचं काही कारण नव्हतं. तासभर बसले. मी बाबांबद्दल बोलत राहिले आणि ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, तो घाट खरंच एवढा अवघड आहे का? मी फोनवर पसरणीचे फोटो काढून दाखवले. बघत राहिले आणि म्हणाले, "मला झेपला नसता."

आता राग थोडा उतरलाय. पण ठरवलंय ते ठरवलंय.

मार्चच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. कॅप्टन्स डेची बक्षिसं, ड्राइव्ह-इनचा खर्च आणि बाहेरच्या सामन्यांचा प्रवास, हे तिन्ही क्लबच्या खात्यातून. ब्लेझर क्लबने शिवून द्यायचा. कॅप्टनला वरून काही द्यायचं असेल तर आनंदाने द्यावं, पण सक्ती नको, आणि कुणी किती दिलं याची बारमध्ये चर्चा नको. वर्गणी प्रत्येकी थोडी वाढेल. वाढू दे. आमची लेडी कॅप्टन, म्हणजे क्लबातल्या बायकांची कॅप्टन, अनुमोदन द्यायला तयार आहे. खजिनदार कुरकुरणार हे आत्ताच दिसतंय. प्रथा मोडते म्हणतील, दरवर्षी खर्च फुगत जाईल म्हणतील. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून मर्यादा घालावी लागेल.

तर तुमच्यापैकी ज्यांनी गणपती मंडळाचे, सोसायटीचे, महाराष्ट्र मंडळाचे हिशेब ठेवलेत त्यांनी मदत करा. अध्यक्षाच्या खर्चाची मर्यादा तुम्ही कशी लिहिता, पावत्या कुणी तपासायच्या, उरलेले पैसे पुढच्या वर्षाला जातात की परत? ब्रिटनमधल्या क्लबात कुणी असाल तर तुमच्याकडे कॅप्टनला भत्ता आहे का तेही सांगा. ठराव लेखी द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, त्याआधी कळवा.