मींड सीडीवर तुटते का?

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की सीडीत सुराचे तुकडे पडतात, दोन तुकड्यांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हरवते, आणि सीडी मूळ गाण्याशी जास्त इमान राखते असं लिहिणाऱ्याने, म्हणजे मी, ग्रामोफोनची तबकडी नीट ऐकलेलीच नसणार. तबकड्या मी आजही ऐकतो, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

सीडीसाठी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (सुटी मोजमापं) घेतात, हे खरं. पण प्लेअरमधून पायऱ्यापायऱ्यांची रेघ बाहेर पडत नाही. नमुने घेण्याआधी २२,०५० हर्ट्झच्या वरचं सगळं गाळलेलं असतं, आणि तसं असलं की त्या नमुन्यांतून जाणारी लहर एकच असू शकते. तीच आपण ऐकतो. षड्जावरून पंचमावर गेलेली मींड तिच्यात सलग असते. माणसाचा कान तरुणपणीही २०,००० हर्ट्झच्या आसपास थांबतो.

तडजोड तबकडीतही असते. खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, खाचा फार रुंद होतात, म्हणून त्या कापतानाच खर्ज दाबतात आणि ॲम्प्लिफायर तो पुन्हा उचलून देतो. शिवाय सुई आत सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचा वेग कमी होतो आणि बारकावे मावेनासे होतात. आपल्या ख्यालात द्रुत आणि ताना येतात त्या बहुधा तिथेच, बाजू संपत आल्यावर!

तरीही तुमच्या कानाला मी खोटं पाडत नाही. जुनी तबकडी आणि त्याच गाण्याची सीडी यांत फरक ऐकू येतो, कारण सीडी काढताना कुणीतरी आवाजावर हात फिरवलेला असतो. खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याची जवारीच, म्हणजे तारांचा झणझणता नादच, पुसलेली मी ऐकली आहे. सीडीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलची ऐसपैस जागा असताना लहानमोठं सगळं एकसारखं चढवून ठेवतात, त्याचा मलाही तुमच्याइतकाच राग येतो.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोबाईल फिडेलिटी या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने कबूल केलं, की त्यांच्या अनेक महागड्या तबकड्या बनवताना मध्ये डिजिटल प्रत वापरली होती. तोवर जाणकार रसिक त्यांना निखळ ॲनालॉग, म्हणजे कुठेही डिजिटल टप्पा नसलेल्या, समजून वाखाणत होते. त्यांचे कान बिघडलेले नव्हते, त्या तबकड्या खरंच छान वाजतात.

एक करून बघा. आवडती तबकडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सीडीच्याच मापाने, उतरवून घ्या. दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा, पाठमोरे बसा आणि अदलाबदल घरातल्या कुणाला तरी करू द्या, दहा-बारा वेळा. मींड तुटलेली ओळखू आली तर इथेच कळवा, मी मूळ लेख दुरुस्त करीन.