नावात डास आहे म्हणून आजार डासाचा ठरत नाही

एलिझाबेथकिंगिया अनॉफेलिस या जिवाणूविषयी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा : हा जिवाणू नव्यानेच उद्भवला आहे, तो डासाच्या चाव्यातून शरीरात शिरतो, त्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही आणि ज्याला लागण झाली तो सहसा वाचत नाही. यातील जवळजवळ प्रत्येक विधानाला सत्याचा एखादा धागा चिकटलेला आहे, त्यामुळे नुसते ‘अफवा’ म्हणून ते बाजूला सारता येत नाही.

‘नवा जिवाणू’ हे विधान नावाच्या वयावरून केलेले दिसते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील जिवाणुशास्त्रज्ञ एलिझाबेथ किंग यांनी १९५९ मध्ये अर्भकांच्या मेंदूज्वराशी निगडित असलेल्या, तोवर वर्गीकरणात कुठेच न बसलेल्या जिवाणूंचे वर्णन केले आणि त्यांना फ्लेव्होबॅक्टेरियम मेनिंगोसेप्टिकम असे नाव दिले. १९९४ मध्ये तो क्रिसिओबॅक्टेरियम या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) हलवला गेला आणि २००५ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती करून तिला किंगबाईंचे नाव देण्यात आले. (इंग्लंडच्या राणीशी या नावाचा काहीही संबंध नाही.) याच प्रजातीतील अनॉफेलिस ही जाती २०११ मध्ये वेगळी ओळखली गेली. पण त्याआधी ती रुग्णांमध्ये नव्हती असे मुळीच नाही. हाँगकाँगमधील संशोधकांनी जपून ठेवलेले जुने नमुने जनुकीय पद्धतीने पुन्हा तपासले, तेव्हा मेनिंगोसेप्टिका (किंगबाईंनी वर्णन केलेल्या मूळ जातीचे आजचे नाव) म्हणून नोंदवलेल्यांपैकी बरेच नमुने प्रत्यक्षात अनॉफेलिसचे निघाले. प्रयोगशाळांत जिवाणू ओळखणाऱ्या मॅल्डी-टॉफ यंत्रांच्या संदर्भसंचात ही जातीच नसेल, तर यंत्र तिला जवळच्या भावंडाच्या नावाने दाखवते. भारतातल्या रुग्णालयांमधून, विशेषतः अतिदक्षता विभागांतून आणि नवजात बालकांमध्ये, मेनिंगोसेप्टिकाच्या म्हणून प्रसिद्ध झालेल्या जुन्या नोंदी वाचतानाही ही शक्यता लक्षात ठेवावी लागते.

सर्वांत जास्त पसरलेले विधान डासाचे आहे आणि तेच सर्वांत कच्चे आहे. या जातीचे वर्णन ज्या नमुन्यावरून झाले, तो अनॉफेलिस गँबिए या आफ्रिकी डासाच्या आतड्यातून मिळाला होता. हा डास भारतात आढळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डासाच्या पोटात असणे आणि डासाच्या चाव्यातून पसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मलेरियाचा परजीवी आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो, म्हणूनच तो चाव्यातून आपल्या रक्तात उतरतो. आतड्यात सुखाने नांदणाऱ्या जिवाणूने असा प्रवास करून माणसाला आजारी पाडल्याचा पुरावा नाही. जातीचे नाव ती प्रथम कुठे सापडली एवढेच सांगते, आणि याच प्रजातीत त्याची गमतीशीर उदाहरणे आहेत. मिरिकोला ही जाती रशियाच्या मिर अंतराळस्थानकात साचलेल्या दवाच्या पाण्यातून मिळाली. मक्याच्या खोडातून मिळालेल्या जिवाणूला २०१५ मध्ये एंडोफिटिका असे वेगळे नाव मिळाले, परंतु पुढच्याच वर्षी संपूर्ण जनुकसंचाची तुलना झाल्यावर तो अनॉफेलिसच असल्याचे स्पष्ट झाले. पहिल्या सापडण्यावरूनच प्रसार ठरवायचा असेल, तर मक्याचे कणीसही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झालेल्या उद्रेकाचा दाखला या मजकुरात हमखास दिला जातो, पण त्यातले रुग्ण नोव्हेंबर २०१५ पासून, म्हणजे तिकडच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात, आजारी पडू लागले होते, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. त्या उद्रेकाचा स्रोत बराच शोध घेऊनही सापडला नाही. हाँगकाँगमधील एका अभ्यासात आईकडून नवजात बाळाला संसर्ग झाल्याचे जनुकीय पुराव्यासह २०१५ मध्ये मांडले गेले. तिथेही डासाची गरज पडली नाही.

औषधांविषयीचे विधान अर्धे खरे आहे आणि उपचारांच्या दृष्टीने हे अर्धेपण घातक आहे. या जिवाणूच्या मूळ जनुकसंचातच बीटा-लॅक्टम गटातील औषधे निकामी करणारी विकरे आहेत, त्यामुळे पेनिसिलीनच्या कुळातली बहुतेक औषधेच काय, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेसुद्धा फारशी उपयोगी पडत नाहीत. कोलिस्टिन या दुसऱ्या राखीव प्रतिजैविकाचीही तीच गत. तरीही विस्कॉन्सिनमधील बहुतेक नमुने फ्लुरोक्विनोलोन, रिफाम्पिसिन आणि कोट्रायमोक्साझोल या जुन्या, परिचित औषधांना दाद देत होते, आणि इतरत्र मिनोसायक्लिनही चांगले चालल्याचे दिसले आहे. म्हणजे औषध नाही असे नव्हे. गंभीर रुग्णाला अंदाजाने सुरू केले जाणारे नेहमीचे औषध बहुधा चुकीचे ठरते, आणि म्हणून जिवाणूची ओळख लवकर व अचूक पटणे इथे जीवनमरणाचे होते.

मृत्यूंचा आकडाही नीट वाचायला हवा. विस्कॉन्सिनमध्ये खात्री झालेल्या ६३ रुग्णांपैकी १८ जण दगावले. हे प्रमाण निश्चितच मोठे आहे, पण बहुतेक रुग्ण ६५ वर्षांवरचे आणि आधीच गंभीर व्याधींनी ग्रासलेले होते, आणि मृत्यू या जिवाणूनेच झाले की मूळ आजाराने, हे तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनाही निश्चित सांगता आले नाही. धडधाकट माणसाला मातीत आणि पाण्यात वावरणाऱ्या या जिवाणूपासून क्वचितच उपद्रव होतो.

डासाच्या मागे लागल्यामुळे नजर सुटते ती पाण्यावरून. सिंगापूरमध्ये २०१२ साली अतिदक्षता विभागांत झालेल्या प्रादुर्भावाचा माग काढत तपास हात धुण्याच्या बेसिनपर्यंत आणि नळाच्या तोंडाशी बसवलेल्या जाळ्यांपर्यंत पोहोचला. त्याच बेसिनमध्ये रुग्णांचे स्राव ओतले जात होते आणि पुन्हा वापरायची उपकरणेही तिथेच विसळली जात होती.