नंबर लावलाय का?

चाळिशी लागायला मला सत्तेचाळिसावं वर्ष उजाडलं. पेपर लांब धरून वाचता वाचता एक दिवस हातच अपुरे पडायला लागले, तेव्हा शनिवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. सोबत सातवीतली लेक. तिला शाळेतून गृहपाठ होता : 'नंबर' या इंग्रजी नामाचे वेगवेगळे उपयोग दाखवणारी दहा वाक्यं. "बाबा, तिथे बसून तू सांग, मी लिहिते." मला हसू आलं. नंबर हा शब्द मराठी माणसाला कुणी शिकवायचा? घेतला इंग्रजांकडून खरा, पण वापरून वापरून पार मऊ केला तो आपणच.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "काका, नंबर लावलाय?"

"हो, काल फोन करून लावला."

"नंबर सांगा."

"सतरा."

"मोबाइलचा हो."

दहाच्या दहा आकडे सांगितले.

"आणि नंबर?"

"म्हटलं ना, सतरा."

"चष्म्याचा!"

"तो काढायलाच आलोय."

बाईंनी आता मान वर केली, मला नीट पाहून घेतलं आणि १७ आकड्याचा एक प्लास्टिकचा बिल्ला पुढे सरकवला. त्यावर आकड्याच्या आधी इंग्रजीत एन आणि ओ. लेकीने तो 'नो सतरा' असा वाचला. पुढे जे घडायचं होतं ते पाहता बरोबरच वाचला म्हणायचा. "नंबरमध्ये ओ कुठेय?" असंही तिने विचारलं. नाहीच. तो ओ लॅटिनमधल्या 'न्यूमेरो'चा. इंग्रजांनी शब्द एकीकडून घेतला आणि त्याचं लघुरूप दुसरीकडून.

बाकावर बसून तिने पहिलं वाक्य स्वतःच्या मनाने लिहिलं : 'माय फादर हॅज पुट नंबर इन हॉस्पिटल.' मला आधी अभिमान वाटला, मग घाम फुटला. इंग्रजीत नंबर लावता येत नाही. तिथे अपॉइंटमेंट घेतात, रांगेत उभे राहतात आणि शेवटी माणसाची 'टर्न' येते. पहाटे चारला नळावर हंडा ठेवून आमच्या आजीने लावायचा तो नंबर, आणि बारावीनंतर मामाचा इंजिनिअरिंगला लागला तो नंबर, दोन्ही इंग्रजांच्या देशात बाद. चष्म्याचा नंबरही बाद, त्याला ते पॉवर म्हणतात. ही पॉवर म्हणजे एकला भिंगाच्या मीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचं. म्हणजे अधिक दोनचं भिंग ऊन पन्नास सेंटिमीटरवर गोळा करतं. डोळ्यातली पॉवर गेल्यावर चष्म्यातली वाढते, हे मात्र मला एकदम पटलं.

"मग वर्गात पहिला नंबर आला हे?"

"तिथे 'कम फर्स्ट'. नंबर नाही."

"दोन नंबरचा पैसा?"

हे तिला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. पण 'नंबर टू मनी' असं लिहिलं असतं तर इंग्रजी वाचणाऱ्याने नाक धरलं असतं. लहान मुलांचे एक नंबर आणि दोन नंबर तिकडेही आपल्यासारखेच आहेत. दोन्ही भाषांचं एकमत झालं ते नेमकं मोरीपाशी.

शेजारच्या आजोबांच्या हातात सोळा नंबर होता आणि डोळ्यांत मोतीबिंदू. ते बराच वेळ कान देऊन होते. म्हणाले, "आमचा वरचा नंबर लागायच्या आत इथला लागला म्हणजे मिळवली." लेक माझ्याकडे पाहायला लागली. आणि काय सांगू, हे वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं चालतं! 'हिज नंबर इज अप', म्हणजे याचं भरलं. तिने आनंदाने ते उतरवून घेतलं. आजोबांना अर्थ सांगितल्यावर तेही खूश झाले. "गोऱ्यालाही रांग चुकली नाही तर!"

तिच्या पुस्तकात मधेच 'नंबर : सिंग्युलर' असंही आलं. व्याकरणातला नंबर म्हणजे आपलं वचन. तेव्हा प्रभू रामचंद्र सिंग्युलर नंबरचे, असं मी म्हणून गेलो. ती लिहायलाच लागली होती, वेळेवर हात धरला.

खरी गोची त्यापुढे. 'अ नंबर ऑफ पेशंट्स आर वेटिंग', पण 'द नंबर ऑफ पेशंट्स इज थर्टी'. तेच पेशंट, तीच बाकं, आणि एकदा आर, एकदा इज. मी सांगितलं, पहिल्यात नंबर म्हणजे 'बरेच'. बरेच पेशंट ताटकळलेत. दुसऱ्यात नंबर म्हणजे 'संख्या', आणि संख्या तीस आहे. "ताटकळणारे अनेक, संख्या एक," आजोबा म्हणाले. मला वाटतं, व्याकरणाच्या पुस्तकाने हे असंच छापावं. त्याच भरात त्यांनी 'नंबर ऑफ चहा' मागवू का विचारलं. चहा मोजता येत नाही म्हणून त्याला 'अमाउंट', असं सांगितलं, तर म्हणाले, "कप मोजता येतात की!" बरोबर आहे. 'नंबर ऑफ कप्स' चालतं.

एवढ्यात सतरा नंबर पुकारला गेला. आत भिंतीवर वरपासून खालपर्यंत बारीक होत जाणारी अक्षरं. हा तक्ता हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरने १८६२ साली काढला. त्याच्या शेवटच्या ओळींत काय आहे ते मला अजून माहीत नाही. नंबर काढून झाला. मग डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून, "डोळे मिटून बसा, मोठे डॉक्टर परत नंबराने बोलावतील," असं सांगून मला पुन्हा बाकावर आणून ठेवलं.

मिटल्या डोळ्यांनी अर्धा तास बसून डाव्या पायाला मुंग्या आल्या. त्यातून एक रत्न हाती लागलं. 'नम्ब' म्हणजे बधिर. अधिक बधिर तो 'नमर', आणि त्याचं स्पेलिंग हुबेहूब नंबर! माझा डावा पाय उजव्यापेक्षा नंबर झाला होता. लेक म्हणाली, "पण हे नाम नाही, विशेषण आहे. बाई काट मारतील." मी गप्प बसलो.

आणि मग मला जावं लागलं. बाहुल्या अशा पसरल्या होत्या की दारावरच्या पाट्या धुक्यात. पहिलं दार फायलींच्या खोलीचं निघालं, दुसऱ्यात एक बाई चष्म्याची फ्रेम निवडत होत्या, तिसरं बरोबर. भिंत धरत धरत परत आलो तर आजोबा नव्हते, आणि काउंटरवरून कुणीतरी एकोणीस पुकारत होतं.

"अहो, माझा सतरा!"

"होऊन गेला. दोनदा आवाज दिला मी."

"मुलगी होती ना इथे?"

"तिलाच विचारलं. म्हणाली, बाबा एक नंबरला गेलेत. एक नंबर तर सकाळी साडेनऊलाच घरी गेला!"

मी लेकीकडे पाहिलं, म्हणजे ती असावी अशा दिशेला पाहिलं.

"मग आता?"

"आता बसा. चौतीसनंतर घेते."

बसलो. शेजारी पेन्सिलीची कुरकुर सुरू होती.

"बाबा, दहावं वाक्य झालं. 'माय फादर मिस्ड हिज नंबर.'"

"नंबर नाही गं. तिथे 'टर्न' लिही."

खोडरबर चालला. मग थांबला.

"पण मग यात नंबर कुठेय?"